हंगामी फळांची घरची पक्वान्नं: आंब्याच्या रसापासून मोरावळ्यापर्यंत

हापूसच्या गरात पाच भागांतले चार भाग पाणी असतं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर फळांचे गोड पदार्थ करताना होणारे बरेच घोटाळे टळतात. आम्रखंड सैल होतं, संत्र्याच्या वड्या पडत नाहीत, मोरावळ्याच्या बरणीत पंधरा दिवसांत बुरशी दिसते. तिन्हीकडे दोष फळातल्या पाण्याचा. दुसरा घोटाळा आंबटपणाचा. फळ जिभेला कितीही गोड लागलं तरी त्यात आम्ल असतंच आणि उकळत्या दुधाला तेवढं पुरतं. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी दोन लिटर दुधाची बासुंदी आटवली आणि ती आचेवर असतानाच तिच्यात आमरस ओतला. दोन मिनिटांत चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. तेव्हापासून कुठलंही फळ घरात आलं की मी आधी दोन गोष्टी ठरवते: याचं पाणी आटवायचं की राखायचं, आणि हे दुधात घालायचं तर गरम की गार.

आंब्याबद्दल खाली सगळ्यात जास्त लिहिलं आहे. मे महिन्यात एक दिवस मोडून रस आटवून ठेवला की त्यावर पुढचे सणवार निघतात.

आंबा घेताना

मार्चमधली पहिली पेटी खायची, तिची पक्वान्नं करायची नाहीत. रस आटवायला आणि साठं (आंबापोळी) घालायला मे महिना धरावा. तेव्हा फळ भरलेलं असतं, भावही उतरलेले असतात. मात्र पहिल्या पावसाच्या आत काम उरकावं. पावसाला सुरुवात झाली की आंब्यात फळमाशीच्या अळ्या सापडू लागतात.

कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी खोक्यावर देवगड किंवा रत्नागिरी छापून भलताच आंबा विकणारे आहेतच. म्हणून छापील नावापेक्षा नाकावर विश्वास ठेवावा. देठाजवळ हुंगलं की वास आला पाहिजे. साल पिवळीधमक पण वास काहीच नाही, असं फळ कोवळं उतरवून घाईनं पिकवलेलं असण्याची शक्यता जास्त. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. शंका आली तर ते फळ घेऊच नये. थोडा कच्चा आंबा घेऊन घरी अढी लावणं सगळ्यांत चांगलं: खोक्यात पेंढा किंवा वर्तमानपत्र, त्यावर आंब्यांचा एकच थर, वर पुन्हा कागद. रोज हात फिरवून पिकलेले वेगळे काढायचे.

जातीबद्दल माझं मत ठाम आहे. आटवायला हापूस, कारण गर घट्ट आणि धागा नाही. पोळीबरोबर वाटीत घ्यायच्या रसाला पायरी, ती पातळ आणि आंबटगोड असते. साठं घालायला रायवळ, म्हणजे गावठी आंबा. हापूसचं साठं गोड होतं, पण रायवळीचा आंबूस झणका त्याला येत नाही, आणि हापूस एवढा वाळवत बसणं परवडतही नाही.

हापूस कापताना साका बघायचा. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो, तो आंबूस लागतो. म्हणून सरळ पिळायला न घेता प्रत्येक आंबा आधी कापून पाहावा. बारातला एक साक्याचा निघाला आणि तसाच पिळला गेला तर सगळ्या रसाला ती चव लागते.

रस आटवणं

मध्यम आकाराच्या एक डझन हापूसचा साधारण दीड किलो रस निघतो. आंबे तासभर पाण्यात भिजत ठेवून धुवावेत, देठाकडचा चिकाचा भाग चकतीसारखा कापून टाकावा. गर काढून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घासून घ्यावा. मिक्सर मी वापरत नाही. त्यात रसाला फेस येतो आणि तो आटताना जास्त उडतो.

भांडं जाड बुडाचं, स्टीलचं किंवा कल्हई केलेलं घ्यावं. लोखंडी कढईत रस काळवंडतो, आणि कल्हई उडालेलं पितळ आंबट पदार्थाला चालतच नाही. पसरट कढई असली तर पाणी लवकर उडतं.

१. रस कढईत घालून मध्यम आचेवर ठेवा, चिमूटभर मीठ घाला. उकळी येईपर्यंत अधूनमधून ढवळलं तरी चालतं.

२. बुडबुडे फुटायला लागले की आच मंद करा. इथून रस उडतो आणि त्याचे चटके फार वाईट असतात. लांब दांड्याचा लाकडी उलथना घ्या, हाताला फडकं गुंडाळा. लहान मुलांना त्या वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नका.

३. रस निम्म्याच्या जवळ आला की ३०० ग्रॅम साखर घाला. सुरुवातीलाच घातली तर ती तळाशी लागते. साखर घातल्यावर रस पुन्हा पातळ होईल, त्यानं घाबरू नका.

४. आता ढवळणं थांबवायचं नाही. उलथना तळावरून ओढला की कढईचा तळ क्षणभर दिसला पाहिजे.

५. थंड ताटलीत चमचाभर रस टाकून ताटली तिरकी करा. गोळा जागचा हलला नाही आणि त्याच्याभोवती पाण्याचं कडं सुटलं नाही की रस झाला. एकूण तासभर ते सव्वा तास लागतो.

पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, उकळून वाळवलेल्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. मोठ्या बरणीत भरू नका. दर वेळी बरणी बाहेर काढली, ओला चमचा घातला, की उरलेला रस बिघडतो. एका वेळी संपेल एवढी, पाव किलोची बाटली सोयीची.

आम्रखंड

आम्रखंडात ताजा रस घालायचा मोह सगळ्यांना होतो. चक्का टांगून काढलेलं पाणी आपणच पुन्हा आत ओततो, असं त्यात होतं. आटवलेला रसच घालावा.

एक लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावावं, ते गोड असतानाच पंचात बांधून टांगावं. उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर चक्का आंबतो, म्हणून मी चाळणीत पुरचुंडी ठेवते, खाली पातेलं, वर वजन, आणि सगळं रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी सुमारे ४०० ग्रॅम चक्का मिळतो. त्यात १५० ग्रॅम पिठीसाखर मिसळून दोन तास झाकून ठेवावं. साखर विरघळली की चक्का सैलावतो. मग पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावा आणि शेवटी १५० ग्रॅम आटवलेला रस हलक्या हातानं मिसळावा. वेलची अगदी थोडी, आंब्याचा वास मारेल एवढी नको. केशर तर नकोच. ज्याचा रंग आणि वास आंब्याच्यापुढे टिकत नाही ते महागडं द्रव्य इथं वाया जातं.

आंब्याची बासुंदी करायची असेल तर आटवलेलं दूध आधी पूर्ण गार करावं, फ्रिजमध्ये ठेवून थंडगार, आणि मग वाढायच्या आधी रस मिसळावा. त्यानंतर पातेलं पुन्हा आचेवर चढवायचं नाही.

साठं, म्हणजे आंबापोळी

रायवळीचा एक किलो रस गाळून घ्यावा, १०० ग्रॅम साखर घालून पाच-सात मिनिटं उकळावा. न उकळता घातलेलं साठं लवकर काळं पडतं. स्टीलच्या ताटांना तुपाचा हात फिरवून रस दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पसरावा. पहिल्याच दिवशी जाड थर दिला तर वरून पापुद्रा धरतो आणि आतला रस ओला राहून आंबतो. वर सुती कापड ताणून बांधावं, कडक उन्हात ठेवावं, संध्याकाळी घरात आणावं. वरचा भाग हाताला चिकटेनासा झाला की त्यावर दुसरा थर. तीन थर झाले की कडा सुरीनं सोडवून पोळी उलटावी आणि दुसरी बाजू वाळवावी. चार-पाच कडक उन्हं लागतात.

आमच्या पुण्याच्या फ्लॅटला गच्ची नाही, पश्चिमेच्या खिडकीत तीन तास ऊन येतं तेवढंच. मी दोनच थर देते आणि रात्री ताट पंख्याखाली ठेवते. ओव्हन असेल तर ६०-७० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून वाळवता येतं. पोळी वाकवली की तडकू नये आणि दाबली की बोटाला ओल लागू नये. बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावी.

फणसाची सांदणं

इथं फळाचं पाणी आटवायचं नाही, उलट तेच वापरायचं. सांदणांना बरका फणस हवा, ज्याचा गरा मऊ, लिबलिबीत, रसाळ असतो. कापा फणस खायला चांगला, पण त्याचा रस निघत नाही. शहरात बरका मिळाला नाही तर काप्याचे पिकलेले गरे नारळाच्या दुधात मिक्सरमधून काढावेत. सांदणं होतात, फक्त वास मंद येतो.

फणस फोडताना हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावायचं, नाहीतर चीक दिवसभर निघत नाही. गऱ्यांतल्या आठळ्या काढून गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर घासायचा. धागे वर राहतात, रस खाली येतो.

दोन वाट्या रसाला दीड वाटी तांदळाच्या कण्या किंवा इडलीचा रवा, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, दोन चमचे तूप, चिमूट मीठ. कण्या घरी करायच्या असतील तर तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून जाडसर दळावेत. तुपावर रवा मंद आचेवर चांगला खमंग भाजावा, पण रंग बदलू देऊ नये. रसात गूळ विरघळवावा, चाखून पाहावं. फणसाची गोडी दर फळाला वेगळी असते, त्यामुळे गुळाचं माप हे शेवटी जिभेवरच. मग रवा, खोबरं, मीठ मिसळून मिश्रण तासभर झाकून ठेवावं. या तासाभरात रवा रस पिऊन फुगतो. नंतर मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट वाटलं तरच थोडं नारळाचं दूध घालावं. आधीच पातळ करून ठेवलं तर सांदणं चिकट होतात.

इडलीपात्राच्या वाट्यांना तूप लावून, कुकरची शिट्टी काढून, वीस मिनिटं वाफवावं. सुरीचं टोक कोरडं निघालं की झाली. गरम असताना काढायला गेलं तर तुटतात, पाच मिनिटं थांबावं. गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाबरोबर खावीत. सोडा घालायची गरज नाही. सांदण इडलीसारखं फुलत नाही, ते ओलसर आणि दाटच असतं.

याच तत्त्वावर पावसाळ्यात मोठ्या पिवळ्या काकडीचं धोंडस होतं, गोव्यात ज्याला तवसळी म्हणतात. काकडीचा कीस पिळायचा नाही, वरून पाणीही घालायचं नाही. किसाला सुटलेल्या पाण्यात भाजलेला रवा, गूळ आणि खोबरं भिजवायचं आणि मंद आचेवर भाजायचं.

सीताफळाची बासुंदी

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. पुण्यात आमच्याकडे येतं ते बहुतेक पुरंदरच्या बाजूचं. ऑगस्टच्या अखेरीपासून बाजार भरतो. डोळे पसरलेले, त्यांच्या मधल्या खाचा पांढरट-पिवळसर झालेल्या, असं फळ घ्यावं. ते एक-दोन दिवसांत घरी पिकतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, तिथं ते काळं पडतं आणि धड पिकतही नाही.

खरं काम बिया काढण्याचं. मिक्सर फिरवून नंतर गाळायची पद्धत मला मान्य नाही. सीताफळाच्या बिया विषारी असतात. फुटलेल्या बीचा अंश पोटात जायला नको आणि डोळ्यांशी तर तिचा संबंधच येऊ नये. वेळ लागला तरी गर मोठ्या भोकांच्या चाळणीत घेऊन पळीच्या पाठीनं गोल गोल फिरवावा. बिया साबूत वर राहतात. सालीला लागून असलेला वाळूसारखा रवाळ थर खरवडून घेऊ नये, दाताखाली कचकच लागते. चार मोठ्या फळांचा दीड ते दोन वाट्या गर निघतो.

दोन लिटर म्हशीचं दूध आटवून निम्मं करावं, कडेची साय खरवडून परत दुधात सोडत जावं. शेवटी १०० ग्रॅम साखर, आणखी पाच मिनिटं उकळी, मग गॅस बंद. दूध फ्रिजमध्ये थंड झाल्यावरच गर मिसळायचा. सीताफळ तापवलं की कडवटपणा येतो, आणि एकदा आलेला कडवटपणा कितीही साखर घातली तरी झाकत नाही. ही बासुंदी त्याच दिवशी संपवावी.

दुधाशी न पटणारी फळं

अननस, पपई आणि ताजं अंजीर यांचा प्रश्न केवळ आंबटपणाचा नाही. यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइमं असतात. त्यामुळे गार दुधात किंवा चक्क्यात कच्ची फोड घातली तरी काही वेळानं ते कडवट लागतं, पाणी सुटतं. उपाय सोपा: फोडी थोड्या साखरेत दहा मिनिटं चांगल्या उकळायच्या, उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं. शिऱ्यात घालायचा अननसही असाच आधी शिजवून घ्यावा. जिलेटिनची जेली कच्च्या अननसामुळे कधीच धरत नाही, चायना ग्रास मात्र धरतं, कारण ते प्रथिन नव्हे. पुरंदरचं अंजीर मी चौकोनी तुकडे करून, चमचाभर तुपावर मऊ होईपर्यंत परतते आणि गार करून बासुंदीत घालते.

संत्र्याची वडी

नागपूरच्या बर्फीची ही घरगुती, खव्याशिवायची बहीण. संत्र्याच्या प्रत्येक फोडीचा पापुद्रा आणि बी काढावी लागते, ती राहिली तर वडी दुसऱ्या दिवशी कडू होते. एक वाटी गर कढईत एकटाच परतून अर्धी वाटी होईपर्यंत आटवावा. नंतर दीड वाटी खवलेला नारळ, सव्वा वाटी साखर. मिश्रण कडा सोडून गोळा फिरू लागलं की चमचाभर तूप, पाव चमचा किसलेली केशरी साल, आणि लगेच थापायचं. सालीचा पांढरा भाग किसला जाऊ देऊ नका. मिश्रण सैल वाटलं तर थापू नका, आणखी पाच मिनिटं परता.

स्ट्रॉबेरी

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी देठाची टोपी न काढता धुवावी. आधी देठ काढला तर फळ आत पाणी ओढतं. अर्धा किलो फळाचे दोन-दोन तुकडे करून दीडशे ग्रॅम साखर भुरभुरावी आणि दोन तास ठेवावं. जो लाल रस सुटेल तो गाळून तेवढाच आटवावा, मधासारखा झाला की तुकडे त्यात घालून लगेच आच बंद. फळ शिजवलं नाही म्हणून त्याचा आकार आणि वास राहतो. साखर घातलेला चक्का किंवा घट्ट साय वाटीत घेऊन त्यावर हे गार करून ओतावं.

मोरावळा

कार्तिकात आवळे बाजारात येतात, पण मोरावळ्यासाठी मी मार्गशीर्षाच्या आसपास थांबते, फळ मोठं आणि भरीव मिळतं. एक किलो डाग नसलेले आवळे, सव्वा किलो साखर.

आवळे धुऊन, पुसून, काट्यानं सगळीकडून टोचावेत. दहा मिनिटं वाफवावेत. पाकळ्यांच्या रेषा दिसू लागल्या की काढावेत, फुटू देऊ नयेत. स्टीलच्या पातेल्यात आवळे आणि साखर यांचे थर द्यावेत, पाणी अजिबात घालू नये. रात्रभरात साखर आवळ्यांतलं पाणी ओढून घेते आणि सकाळी पातेल्यात आपोआप पाक तयार असतो. तो मंद आचेवर उकळावा. आवळे मधाच्या रंगाचे, थोडे पारदर्शक होतात आणि पाकाला एक तार येते.

बरेच जण इथं थांबतात आणि बुरशी येते. कारण पुढचे दोन दिवस आवळा आतलं पाणी सोडतच असतो, पाक पुन्हा पातळ होतो. तिसऱ्या दिवशी आवळे बाजूला काढून नुसता पाक एकतारी करावा आणि आवळे परत घालावेत. आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहावं, पातळ वाटला तर पुन्हा तेच.

तार ओळखता येत नसेल तर वजनकाटा वापरा, मी आता तोच वापरते. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं. आवळे आणि साखर मिळून सव्वादोन किलो असतात. उकळून ते एक किलो नऊशे ग्रॅमच्या आसपास आले की एकूण वजनातली साखर ६५ टक्क्यांच्या वर जाते, आणि एवढ्या साखरेत बुरशीला वापरता येईल असं पाणी उरत नाही. त्याखाली वजन फार उतरवू नका, पाकाचे खडे होतात. चिनी मातीच्या किंवा काचेच्या कोरड्या बरणीत भरून, आवळे पाकात बुडालेले आहेत ना ते बघून झाकण लावा. पहिला आवळा महिनाभरानंतर काढा, तोवर पाक गाभ्यापर्यंत मुरलेला असतो.